ऑस्ट्रेलियाच्या कुशल स्थलांतर व्हिसासाठी कार्यानुभवाची गणना

ऑस्ट्रेलियाच्या कुशल स्थलांतर व्हिसासाठी अर्ज करणाऱ्या व्यक्तीने पूर्वी केलेल्या सवेतन कामाचे गुणांत रूपांतर करण्याची एक ठरलेली पद्धत आहे. उपवर्ग १८९ (स्वतंत्र), उपवर्ग १९० (राज्य नामनिर्देशित) आणि उपवर्ग ४९१ (प्रादेशिक, तात्पुरता) हे तीन व्हिसा गुणाधारित चाचणीवर दिले जातात. वय, इंग्रजी भाषेचे ज्ञान आणि शिक्षण यांसोबत कार्यानुभव हा या चाचणीचा प्रमुख घटक होय. चाचणीचे नियम स्थलांतर विनियम, १९९४ च्या अनुसूची ६-ड मध्ये दिलेले आहेत. या पद्धतीत कार्यानुभव नोकरीच्या पहिल्या दिवसापासून मोजला जातोच असे नाही. अर्जदार 'कुशल' ठरल्याच्या दिनांकापासून तो मोजला जातो. हा फरक लक्षात न घेतल्यामुळे अर्ज नामंजूर होऊ शकतो.

पार्श्वभूमी

स्थलांतरितांची निवड गुणांच्या आधारे करण्याची पद्धत प्रथम कॅनडाने १९६७ मध्ये स्वीकारली. वंशाधारित 'श्वेत ऑस्ट्रेलिया' धोरण १९७३ मध्ये संपुष्टात आल्यानंतर ऑस्ट्रेलियाने १९७९ मध्ये स्वतःची गुणपद्धती आणली. १ जुलै २०१२ पासून अर्जदारास थेट अर्ज करता येत नाही. त्याने 'स्किलसिलेक्ट' या संगणकीय प्रणालीत आधी इच्छानोंद करावी लागते आणि निमंत्रण आल्यावरच व्हिसासाठी अर्ज करता येतो. किमान पात्रतागुण १ जुलै २०१८ पासून ६५ आहेत. तथापि निमंत्रणे अधिक गुण असलेल्यांना आधी मिळत असल्याने अनेक व्यवसायांत ६५ गुण प्रत्यक्षात अपुरे पडतात आणि पाच गुणांचा फरकही निर्णायक ठरतो.

गुणांचे कोष्टक

ऑस्ट्रेलियाबाहेरील तीन वर्षांच्या कुशल कामास ५, पाच वर्षांच्या कामास १० आणि आठ वर्षांच्या कामास १५ गुण मिळतात. ऑस्ट्रेलियात केलेल्या कामाचे मोल अधिक आहे : एका वर्षास ५, तीन वर्षांस १०, पाच वर्षांस १५ आणि आठ वर्षांस २० गुण. दोन्ही मिळून २० पेक्षा अधिक गुण दिले जात नाहीत. टप्प्यांच्या मध्ये अपूर्णांक नाही. चार वर्षे अकरा महिने परदेशात काम केलेल्यास ५ गुणच मिळतात.

कोणते काम मोजले जाते

काम निमंत्रणापूर्वीच्या दहा वर्षांतील असावे लागते. ते सवेतन आणि आठवड्याला किमान २० तासांचे असणे आवश्यक आहे. त्यामुळे विनावेतन प्रशिक्षण किंवा स्वयंसेवा यांस गुण नाहीत. काम अर्जदाराने निवडलेल्या व्यवसायातील अथवा त्याच्याशी निकटचा संबंध असलेल्या व्यवसायातील असावे लागते. ऑस्ट्रेलियात केलेले काम असल्यास ते करताना वैध व्हिसा होता आणि त्याच्या अटी पाळल्या गेल्या, हेही दाखवावे लागते.

व्यवसाय कोणता हे पदनामावरून ठरत नाही, प्रत्यक्ष कर्तव्यांवरून ठरते. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांच्या सामायिक व्यवसाय वर्गीकरणात, म्हणजे 'अँझस्को'मध्ये, प्रत्येक व्यवसायास सहा अंकी संकेतांक व कर्तव्यांचे वर्णन दिलेले आहे. सॉफ्टवेअर अभियंत्याचा संकेतांक २६१३१३ आहे. भारतीय माहिती तंत्रज्ञान कंपन्यांत 'असोसिएट' किंवा 'कन्सल्टंट' अशी पदनामे सर्रास वापरली जातात आणि त्यांवरून कामाचे स्वरूप कळत नाही. तेथे कर्तव्यांचे वर्णन हाच आधार उरतो.

कुशल ठरण्याचा दिनांक

व्हिसाच्या अर्जापूर्वी संबंधित व्यवसायासाठी नेमलेल्या संस्थेकडून कौशल्य मूल्यांकन करून घ्यावे लागते. माहिती तंत्रज्ञानासाठी ऑस्ट्रेलियन कॉम्प्युटर सोसायटी (एसीएस), अभियांत्रिकीसाठी इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया आणि इतर अनेक व्यवसायांसाठी व्हेटअसेस या संस्था काम पाहतात. त्यांचे निकष एकसारखे नाहीत.

एसीएसच्या मार्गदर्शिकेत अनेक वर्षे चालत आलेल्या नियमानुसार केवळ पदवीमुळे कोणी कुशल ठरत नाही. पदवीला अनुभवाची जोड लागते. पदवी संगणकशास्त्रातील व निवडलेल्या व्यवसायाशी निकट संबंधित असल्यास गेल्या दहा वर्षांतील दोन वर्षांचा अनुभव कुशलता सिद्ध करण्यात खर्ची पडतो. पदवी संगणकाची पण व्यवसायाशी निकट संबंध नसलेली असल्यास चार वर्षे जातात. खर्ची पडलेल्या या वर्षांना गुण मिळत नाहीत. अर्जदारांच्या बोलण्यात यास 'वर्षे कापली गेली' असे म्हटले जाते. वस्तुतः तीच वर्षे पात्रतेसाठी वापरलेली असतात.

उदाहरणार्थ, संगणक अभियांत्रिकीची पदवी घेऊन जुलै २०१६ मध्ये पुण्यात नोकरीस लागलेल्या व जुलै २०२४ अखेर सलग काम केलेल्या व्यक्तीची नोकरी आठ वर्षांची होते आणि तिला १५ गुणांची अपेक्षा असते. एसीएसने कुशलतेचा आरंभ जुलै २०१८ नंतरचा धरल्यास अनुभव सहा वर्षांचा ठरतो व १० गुण मिळतात. ३२ वर्षे वयाचे ३०, पदवीचे १५ आणि सर्वोच्च श्रेणीच्या इंग्रजीचे २० गुण धरल्यास एकूण ८० ऐवजी ७५ होतात. आणखी दोन वर्षे थांबल्यास अनुभवाचे ५ गुण वाढतात, पण ३३ व्या वर्षी वयाचे ५ गुण कमी होतात. थांबण्याचा लाभ अशा वेळी शून्य असतो.

व्हेटअसेस व्यवसायगटानुसार पदवीनंतरचे ठरावीक काम मूल्यांकनासाठी मागते आणि त्यानंतरचे काम गुणांसाठी उरते. इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया मात्र पात्रता मुख्यतः पदवीवरून ठरवत असल्याने तिच्याकडे अशी वजावट नसते. भारताचे राष्ट्रीय अधिमान्यता मंडळ २०१४ मध्ये वॉशिंग्टन कराराचे पूर्ण सदस्य झाले, परंतु कराराची मान्यता मंडळाच्या 'टियर-१' अभ्यासक्रमांपुरती आहे. महाराष्ट्रातील विद्यापीठांशी संलग्न असलेली बहुसंख्य महाविद्यालये स्वायत्त नसल्याने त्या श्रेणीत येत नाहीत. त्यांच्या पदवीधरांना सामान्यतः क्षमता अहवाल सादर करावा लागतो. त्यात स्वतः केलेल्या कामाचे तीन प्रसंग सविस्तर लिहायचे असतात.

पुरावे

नियोक्त्याच्या पत्रात कामाचा कालावधी, साप्ताहिक तास, पदनाम व कर्तव्ये यांचा उल्लेख अपेक्षित असतो. भारतातील अनेक कंपन्या मनुष्यबळ विभागामार्फत केवळ पदनाम व दिनांक असलेले अनुभव प्रमाणपत्र देतात. अशा वेळी माजी वरिष्ठ किंवा सहकारी यांचे प्रतिज्ञापत्र घेण्याचा मार्ग वापरला जातो, मात्र त्यास अन्य कागदपत्रांची जोड लागते. वेतन मिळाल्याचा पुरावा म्हणून वेतनपावत्या, फॉर्म १६, बँकेचे खातेउतारे आणि भविष्य निर्वाह निधीचे पासबुक उपयोगी पडते. रोखीने पगार देणाऱ्या लहान आस्थापनांतील काम खरे असूनही सिद्ध करणे कठीण जाते. नोकरी सोडतानाच कागदपत्रे जमवणे सोयीचे असते. बंद पडलेल्या कंपनीकडून ती मिळत नाहीत.

अतिरिक्त दाव्याचे परिणाम

निमंत्रणात नमूद गुणांपेक्षा अधिकाऱ्याने मोजलेले गुण कमी भरल्यास अर्ज नामंजूर करणे बंधनकारक आहे. प्रत्यक्ष गुण ६५ पेक्षा बरेच अधिक असले तरी हा नियम लागू होतो आणि अर्जाचे शुल्क सामान्यतः परत मिळत नाही. इच्छानोंदीत कुशल दिनांकापूर्वीचे काम 'संबंधित' म्हणून दाखविणे ही यातील नेहमीची चूक होय. दुसरी चूक अधिक अगोचर आहे : चालू नोकरीचा शेवटचा दिनांक रिकामा ठेवल्यास स्किलसिलेक्ट अनुभव आपोआप वाढवत राहते. नोकरी सुटूनही नोंद न सुधारल्यास न कमावलेले गुण जमा होतात व त्याच गुणांवर निमंत्रण येते. खोटी कागदपत्रे दिल्याचे आढळल्यास अर्ज नामंजूर होतोच, शिवाय तीन वर्षांपर्यंत अनेक प्रकारचे व्हिसा मिळण्यास प्रतिबंध होतो.

कॅनडाशी तुलना

कॅनडाच्या 'फेडरल स्किल्ड वर्कर' कार्यक्रमात पात्रतेसाठी गेल्या दहा वर्षांतील एक वर्षाचे सलग काम, म्हणजे १,५६० तास, लागतात. आठवड्यातील ३० पेक्षा अधिक तास मोजले जात नाहीत. तेथे मूल्यांकन संस्थेने अनुभवातून वर्षे वजा करण्याची पद्धत नाही. मात्र पात्र उमेदवारांच्या क्रमवारीत परदेशी अनुभवास स्वतंत्र गुण नसून भाषाज्ञान किंवा कॅनडातील अनुभव यांच्या जोडीनेच त्याचा लाभ मिळतो.