शुभेच्छापत्र, टपाल आणि आपला पत्ता

डिसेंबर आला की इंग्रजी वर्तमानपत्रांत एक हळहळ छापून येते. ख्रिसमसची कार्डे आता कोणी पाठवत नाही, पोस्टमनची वाट कोणी पाहत नाही. दिवाळीच्या आसपास मराठीतही तोच सूर लागतो. 'ते दिवस गेले' असे म्हणणाऱ्यांना आमचा एकच प्रश्न आहे. ते दिवस नेमके कोणाचे होते? ज्यांच्या घरी कार्डे येत होती त्यांचे दिवस गेले हे खरे. पण ज्यांच्या घराला धड पत्ताच नव्हता त्यांच्या बाजूने हा इतिहास कोणी सांगायचा? तो आपणच सांगायला हवा. कारण टपालाने पोहोचणारी शुभेच्छा हा केवळ हौसेचा विषय नाही. निरोप कोणी पाठवायचा, कोणी वाहायचा आणि कोणाला मिळायचा, हा समतेचा प्रश्न आहे.

१८४० पूर्वी ब्रिटनमध्ये पत्राचे पैसे बहुधा पत्र घेणाऱ्याला भरावे लागत. अंतर आणि कागदांची संख्या पाहून दर ठरे. गरीब मजुराला मुलाचे पत्र आले तरी पैशाअभावी ते परत पाठवावे लागे. रोलंड हिल यांनी १८३७ मध्ये पुस्तिका लिहून सांगितले की देशभर एकच स्वस्त दर ठेवा आणि पैसे पाठवणाऱ्याकडून घ्या. १० जानेवारी १८४० पासून एका पेनीत पत्र जाऊ लागले. या सुधारणेसाठी हिल यांच्याबरोबर राबलेले हेन्री कोल यांनीच १८४३ मध्ये जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून पहिले व्यापारी ख्रिसमस कार्ड काढून घेतले. सुमारे हजार प्रती, किंमत एक शिलिंग. कार्डाच्या मध्यभागी मद्याचे पेले उंचावणारे सुखवस्तू कुटुंब आणि दोन्ही बाजूंना गरिबांना अन्न व वस्त्र देण्याची चित्रे. म्हणजे पहिल्या कार्डातच गरीब होता, पण दान घेणारा म्हणून, चौकटीच्या कडेला! एका शिलिंगात तेव्हा बारा पत्रे जात. ते कार्ड मजुराच्या आवाक्यातले नव्हतेच. छपाई स्वस्त झाली आणि १८७० मध्ये अर्ध्या पेनीचे पोस्टकार्ड आले, तेव्हा ही प्रथा सामान्य माणसापर्यंत उतरली. आधी टपालात समता आली, मग शुभेच्छा सर्वांची झाली. हा क्रम लक्षात ठेवा.

आता आपल्याकडे या. महाराष्ट्राच्या गावगाड्यात निरोप कोण वाहत होता? वतनी महार. सरकारी कागद पुढच्या गावाला पोहोचवायचा, अधिकाऱ्यापुढे धावायचे आणि गावात कोणी मेले की ऊन-पाऊस न पाहता नातेवाइकांच्या गावी मयताची खबर द्यायची. मोबदला काय, तर वतनाच्या जमिनीचा तुकडा आणि दारोदार मागून आणायचे बलुते. नोकरी एकाची, पण राबायचे सारे घर, दिवसाचे चोवीस तास. ज्याच्या तोंडून निरोप ऐकायचा त्याला उंबऱ्याबाहेर उभे करायचे, ही त्या व्यवस्थेची नीती होती. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते याच वेठबिगारीवर घाव घालण्यासाठी. ही वतने कायद्याने संपायला १९५८ साल उजाडावे लागले. ज्या समाजाने पिढ्यान्पिढ्या दुसऱ्यांचे निरोप वाहिले, त्याच्या स्वतःच्या नावाने निरोप कधी येत होता?

या पार्श्वभूमीवर टपालाकडे पाहिले पाहिजे. १८५४ मध्ये हिंदुस्थानात अंतर कितीही असो, पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा असा एकच दर आला. १ जुलै १८७९ ला पाव आण्याचे पोस्टकार्ड आले. १८८० मध्ये मनीऑर्डर आली. इंग्रजांनी हे आपल्या प्रेमापोटी केले नाही. त्यांना राज्य चालवायचे होते, व्यापार वाढवायचा होता. पण त्या तिकिटात एक गोष्ट होती जी मनुस्मृतीत नव्हती. पैसे भरले की पत्र पाठवणाऱ्याची जात विचारायची नाही! निरोप वाहणे हे जन्माने लादलेले काम न राहता पगाराची नोकरी झाली. मुंबईच्या गिरणीत किंवा गोदीत काम करणारा आपला माणूस गावी मनीऑर्डर पाठवी, तेव्हा फॉर्मच्या खालच्या छोट्या जागेत दोन ओळी लिहून घेई. पैसे आणि खुशाली एकाच कागदावर. अनेक घरांत नावानिशी आलेला पहिला कागद तोच होता. तो वाचायला शाळेत जाणारे एखादे पोर लागे, म्हणून शाळेचे मोलही कळे.

पण कायद्यात नसलेली जात पत्त्यात होती. नाव, मुक्काम आणि मध्ये 'महारवाडा', 'मांगवाडा', 'चांभारवाडा'. शुभेच्छांचे पाकीट दारी यायचे तेही अपमानाचा शिक्का घेऊन. हे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने कधी घेतला? डिसेंबर २०२० मध्ये! वस्त्यांची जातिवाचक नावे काढून समता नगर, भीम नगर, क्रांती नगर अशी नावे देण्याचे ठरले, तेव्हा पत्रे लिहिणे जवळजवळ बंद झाले होते. पत्ता सन्मानाचा झाला आणि पत्र येईनासे झाले, ही आपल्या वाट्याची शोकांतिका आहे.

टपालाचा इतिहास नुसता गोड आहे असे आम्ही म्हणत नाही. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कृष्णवर्णीयांना जमावाने ठार मारून त्या प्रेतांसमोर फोटो काढले जात आणि त्यांची पोस्टकार्डे करून नातेवाइकांना पाठवली जात. ज्या पेटीतून सणाचे कार्ड जायचे त्याच पेटीतून हेही जायचे. १९०८ मध्ये कायदा बदलून हिंसेला चिथावणारा मजकूर टपालात बंद झाला, तरी पाकिटात घालून ती पाठवली गेलीच. आज दलितांना मारहाण करतानाचे व्हिडिओ अभिमानाने पसरवणारे पाहिले की ही मनोवृत्ती नवी नाही हे कळते. पण या कथेला दुसरी बाजू आहे. डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस संपादित करीत असलेल्या 'द क्रायसिस' मासिकाने १९१६ मध्ये टेक्सासमधील वेको शहरातील हत्येची छायाचित्रे छापून तीच गोष्ट गुन्हेगारांविरुद्ध पुरावा म्हणून जगापुढे ठेवली. मारणाऱ्यांनी मिरवण्यासाठी काढलेला फोटो त्यांच्यावरच उलटला.

याच डू बॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहिले. अमेरिकेतील कृष्णवर्णीय आणि भारतातील अस्पृश्य यांच्या स्थितीतील साम्य त्यांनी दाखवले आणि संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या निवेदनाच्या प्रती मागितल्या. डू बॉइस यांनी ३१ जुलै १९४६ ला उत्तर दिले. दोन लढ्यांमधला हा दुवा आज आपण ठामपणे सांगू शकतो, कारण तो कागद मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संग्रहात जपून ठेवला आहे. कागद उरला म्हणून इतिहास उरला.

आता आपली शुभेच्छापत्रे पाहू. शहरातल्या कार्डांच्या दुकानांत दिवाळी, ख्रिसमस, व्हॅलेंटाइन अशा सगळ्यांची कप्पेच्या कप्पे भरलेली असत. १४ एप्रिलचे कार्ड आम्ही तिथे कधी पाहिले नाही. बाजाराने आपला सण सण मानलाच नाही. तरी आपल्या माणसांनी साध्या पोस्टकार्डावर माथ्याशी 'जय भीम' लिहून जयंतीच्या, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या मंगल कामना पाठवल्या. इतरांच्या पत्रात जिथे 'श्री' असे, तिथे 'जय भीम' आले. हा साधा बदल नव्हता. पत्र पोस्टमनच्या हातातून, गावाच्या डोळ्यांसमोरून जाई. पोस्टकार्ड उघडे असते, म्हणून ती उघड घोषणा होती! १४ एप्रिल १९६६ ला बाबासाहेबांचे टपाल तिकीट निघाले, १५ पैशांचे. ज्यांना निरोप वाहायला लावले त्या समाजाच्या नेत्याचे चित्र निरोपाचे मोल झाले.

आज ही व्यवस्था मावळते आहे. डेन्मार्कच्या टपाल खात्याने २०२५ च्या अखेरीस पत्रे वाटणे थांबवले. तिथली टपालसेवा १६२४ पासूनची होती. ब्रिटनमध्ये प्रथम श्रेणीचे तिकीट २०२० मध्ये ७६ पेन्सचे होते, एप्रिल २०२५ मध्ये ते १ पौंड ७० पेन्सचे झाले. आपल्याकडे २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले.

कोणी म्हणेल, मोबाइलवर शुभेच्छा फुकट जातात, मग रडायचे कशाला? आम्ही रडत नाही. मोबाइलने आपल्याला आवाज दिला. मोठी प्रसारमाध्यमे जी बातमी दाबतात ती आपली पोरे तासाभरात राज्यभर पोहोचवतात. पण दोन गोष्टी विसरू नका. टपाल सार्वजनिक होते, त्याच्यावर नागरिक म्हणून आपला हक्क होता. मोबाइलवरचा निरोप खासगी कंपनीच्या मर्जीवर आहे. खाते बंद झाले, फोन हरवला की दहा वर्षांचा संवाद नाहीसा होतो. दुसरे, एकच चित्र पाचशे जणांना ढकलले की त्यात पाठवणाऱ्याचे अक्षर नसते, तारीख नसते, पत्ता नसते. उद्याच्या इतिहासकाराला आपल्या वस्तीतला आनंद, दुःख, संघर्ष कुठे सापडणार?

म्हणून तरुण कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. घरातल्या पत्र्याच्या पेटीत जुनी पत्रे, मनीऑर्डरच्या पावत्या, लग्नपत्रिका, जयंतीची निमंत्रणे असतील. ती रद्दीत घालू नका. प्रत्येकाचा फोटो काढा, साल आणि गाव लिहून ठेवा, आजी-आजोबांना विचारून नावे नोंदवा. वस्तीतल्या वाचनालयात एक कपाट त्यासाठी राखा. पोस्टकार्ड आजही ५० पैशांना मिळते. येत्या १४ एप्रिलला निदान पाच कार्डे स्वतःच्या हाताने लिहा. माथ्यावर 'जय भीम', खाली तारीख आणि वस्तीचे नवे नाव ठळक अक्षरात. ज्या वस्तीचे नाव अजून बदलले नसेल तिथल्या ग्रामपंचायतीला सहावे कार्ड लिहा, त्या अर्जाची प्रत आणि पोचपावती जपून ठेवा.

जय भीम!