मॅकनॉटन, अँड्र्यू जॉर्ज लॅटा

(२५ फेब्रुवारी १८८७ – ११ जुलै १९६६). कॅनडाचे सेनानी, विद्युत अभियंते आणि राजनैतिक प्रतिनिधी. शत्रूच्या नजरेआड असलेल्या तोफांचे ठिकाण मोजमापाने निश्चित करून त्यांवर मारा करण्याची जी पद्धत पहिल्या महायुद्धात आकारास आली, तिच्या प्रमुख शिल्पकारांत त्यांची गणना होते. भारतीय वाचकांस त्यांचे नाव मुख्यतः १९४९ च्या अखेरीस काश्मीर प्रश्नावर मांडल्या गेलेल्या ‘मॅकनॉटन प्रस्तावां’मुळे ठाऊक असले, तरी लष्करी इतिहासातील त्यांचे स्थान तोफखान्याच्या गुप्तवार्ता व लक्ष्यनिश्चितीच्या कामामुळेच ठरले आहे.

त्यांचा जन्म आताच्या सस्कॅचेवन प्रांतातील मूसोमिन येथे झाला. माँट्रिऑलच्या मॅकगिल विद्यापीठातून त्यांनी विद्युत अभियांत्रिकीची पदवी (१९१०) व पदव्युत्तर पदवी (१९१२) घेतली. १९०९ मध्ये ते कॅनडाच्या नागरी सेनेच्या तोफखान्यात दाखल झाले होते, आणि १९१४ मध्ये युद्ध सुरू होताच चौथ्या तोफदलाचे प्रमुख म्हणून युरोपात गेले. एप्रिल १९१५ मध्ये ईप्र येथील दुसऱ्या लढाईत ते जखमी झाले.

प्रतितोफमारा : शत्रूच्या तोफा हुडकून काढणे आणि त्या नष्ट करणे, किंवा निदान आपले पायदळ पुढे सरकत असताना त्या गप्प ठेवणे, यास प्रतितोफमारा म्हणतात. १९१६ च्या सॉमच्या लढाईत ब्रिटिश पायदळाची जी हानी झाली, तिच्या मागे हे काम अपुरे राहिले हे एक मोठे कारण होते. जर्मन तोफा टेकड्यांच्या पाठीमागे असल्याने त्या दिसत नसत, आणि केवळ अंदाजाने केलेल्या माऱ्याने त्या थांबत नसत. १९१७ च्या आरंभी कॅनेडियन कोअरने या कामासाठी स्वतंत्र कचेरी उभारून मॅकनॉटन यांस तिचे प्रमुख नेमले, तेव्हा त्यांचे वय तीस वर्षांच्या आसपास होते.

या कचेरीत विमानांतून घेतलेली छायाचित्रे, निरीक्षण फुग्यांतील सैनिकांचे निरोप, युद्धकैद्यांच्या जबान्या, पडलेल्या गोळ्यांच्या खड्ड्यांची दिशा आणि वैमानिकांनी बिनतारी यंत्रावरून पाठविलेले संदेश एकत्र येत. प्रत्येक जर्मन तोफदलाची स्वतंत्र नोंद ठेवली जाई आणि ते केव्हा बोलते, कोणत्या भागावर मारा करते, जागा केव्हा बदलते, हे तीत रोज भरले जाई. कोणतेही एक साधन पुरेसे विश्वसनीय नाही, परंतु दोन-तीन साधनांचा पुरावा एका ठिकाणी जुळला की तेथे तोफ आहे असे धरावे, हा या कामाचा पाया होता. पुढे सर्वच सैन्यांच्या लक्ष्यनिश्चिती विभागांनी तो स्वीकारला.

याखेरीजच्या साधनांपैकी दोन विशेष उल्लेखनीय आहेत. पहिले साउंड रेंजिंग, म्हणजे तोफेच्या आवाजावरून तिचे ठिकाण काढणे. त्यासाठी आघाडीमागे काही किलोमीटर लांबीच्या रेषेवर साधारणतः सहा ध्वनिग्राहक ठेवले जात. तोफेचा आवाज प्रत्येक ग्राहकापर्यंत वेगवेगळ्या क्षणी पोहोचतो, आणि कोणत्याही दोन ग्राहकांमधील वेळेचा फरक ठाऊक झाला की तोफ एका विशिष्ट अपास्त वक्रावर कोठेतरी आहे असे ठरते. असे अनेक वक्र नकाशावर काढले की ते जेथे एकमेकांस छेदतात तेथे तोफ असते. सेकंदाच्या शतांश भागापर्यंतचा फरक टिपण्यासाठी ल्यूसिअन बुल यांनी तयार केलेला चित्रफितीवर नोंद करणारा गॅल्व्हॅनोमीटर वापरला गेला. ही पद्धत ब्रिटिश सैन्यात उभी करणारे लॉरेन्स ब्रॅग यांस १९१५ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळालेले होते. मुख्य अडचण अशी होती की साधे ध्वनिग्राहक बंदुकांच्या कडकडाटाने आणि स्वनातीत गोळ्याच्या हवेतील फटाक्याने भरून जात व तोफेच्या मुखातील खोल, मंद आवाज त्यांस वेगळा पकडता येत नसे. १९१६ मध्ये विल्यम टकर यांनी तापलेल्या बारीक प्लॅटिनम तारेचा ग्राहक बनविला. कमी कंप्रतेच्या ध्वनिलहरीने हवेचा झोत आत शिरून तार गार होते, तिचा विद्युत रोध बदलतो, आणि तेवढीच नोंद चित्रफितीवर उमटते. वारा व तापमान यांनुसार ध्वनीच्या वेगात पडणारा फरक मात्र गणिताने दुरुस्त करावा लागे, आणि वारा शत्रूच्या दिशेने वाहत असल्यास पद्धत जवळजवळ निरुपयोगी ठरे.

दुसरे साधन फ्लॅश स्पॉटिंग हे होय. तोफेच्या मुखाशी होणारी चमक अनेक चौक्यांवरून कोनमापकाने टिपून त्या दिशारेषा जेथे मिळतात तो बिंदू काढला जाई. शेकडो तोफा एकाच वेळी धडधडत असता सर्व चौक्या एकाच चमकेकडे पाहत आहेत याची खात्री कशी करावी, हा प्रश्न हॅरल्ड हेमिंग यांनी चौक्यांस दूरध्वनी व घंटीच्या फलकाने जोडून सोडविला. ब्रिटिश तोफखान्यातील अनेक ज्येष्ठ अधिकाऱ्यांस हे सर्व प्रयोगशाळेतले खेळ वाटत. मॅकनॉटन यांचे वैशिष्ट्य असे, की स्वतः अभियंते असल्याने त्यांस ब्रॅग, बुल व हेमिंग यांची भाषा कळत होती आणि त्यांनी या मंडळींस तोफखान्याच्या दैनंदिन कामात जागा दिली.

शत्रूची तोफ सापडली तरी आपला गोळा तेथे पडेलच असे नसते. नळी झिजली की गोळ्याचा सुरुवातीचा वेग घटतो, दारूचे तापमान व हवेची घनता यांनी पल्ला बदलतो. म्हणून प्रत्येक तोफेचा वेग मोजून तिची दुरुस्ती-तालिका ठेवण्यावर आणि हवामानाचे तार-संदेश नियमित घेण्यावर त्यांचा भर होता. पूर्वी अंदाजाचे गोळे टाकून नेम जुळवावा लागे व त्यामुळे हल्ल्याची पूर्वसूचना शत्रूस मिळे. नोव्हेंबर १९१७ मध्ये कँब्रे येथे ब्रिटिशांनी मोठ्या प्रमाणावर केलेला पूर्वगणित मारा याच विचारसरणीचा होता, तो मात्र मॅकनॉटन यांचे श्रेय मानता येत नाही.

व्हिमी कड्यावरील हल्ल्यात (९–१२ एप्रिल १९१७) कॅनेडियन कोअरच्या पाठीशी ९८३ तोफा व उखळी तोफा होत्या. कॅनडाच्या नोंदींनुसार समोरच्या २१२ जर्मन तोफांपैकी १७६ ची, म्हणजे सुमारे ८३ टक्क्यांची, ठिकाणे आधीच निश्चित झाली होती. हा आकडा अनेक पुस्तकांत आढळतो, परंतु तो एकाच पक्षाच्या कागदपत्रांवर आधारलेला आहे. कडा घेतला गेला, तरी कॅनडाचे १०,६०२ सैनिक जायबंदी किंवा ठार झाले (ठार ३,५९८), तेव्हा प्रतितोफमाऱ्याने लढाई स्वस्त झाली असे म्हणणे धाडसाचे होईल. पायदळापुढे सरकणाऱ्या माऱ्याच्या आखणीत ॲलन ब्रुक या ब्रिटिश तोफखाना अधिकाऱ्याचा मोठा वाटा होता, आणि त्यांचे व मॅकनॉटन यांचे संबंध पुढे वेगळ्याच वळणावर गेले.

युद्धाच्या शेवटच्या दिवसांत मॅकनॉटन ब्रिगेडियर-जनरल होऊन कोअरच्या जड तोफखान्याचे प्रमुख झाले, आणि प्रतितोफमाऱ्याची कचेरी हॅरी क्रेरार यांजकडे गेली. १ नोव्हेंबर १९१८ रोजी व्हालांसिएन नगराजवळील माँ हुई ही टेकडी घेण्यासाठी मॅकनॉटन यांनी जो मारा आखला, त्याचे वर्णन तोफखान्याच्या अभ्यासकांस अजूनही पाहण्यासारखे वाटते. आघाडीची रेषा वळणदार असल्याने काही तोफा समोरून, काही बाजूने आणि काही थेट जर्मनांच्या पाठीमागून मारा करू शकल्या, आणि नगरात फ्रेंच नागरिक असल्याने वस्तीवर गोळे पडू नयेत याची काळजी घ्यावी लागली. दोन दिवसांत सुमारे २,१०० टन दारूगोळा खर्च झाला व हल्ला करणाऱ्या ब्रिगेडचे सुमारे ८० सैनिक ठार झाले. माणसांऐवजी गोळे खर्च करावेत, हे कोअरचे सेनापती आर्थर करी यांचे धोरण येथे त्याच्या टोकास पोहोचले. ते परवडते केवळ तेव्हा, जेव्हा दारूगोळा अमर्याद व लक्ष्ये आधीच ठाऊक असतात.

दिशाशोधक व रडार : १९२०–३० च्या दशकात स्थायी सैन्यात असताना त्यांनी संदेशदळातील डब्ल्यू. ए. स्टील यांच्याबरोबर ऋण किरण नलिकेवर चालणारा दिशाशोधक तयार केला (१९२६). परस्परांशी काटकोनात असलेल्या दोन आकाशकांवर पकडलेला बिनतारी संदेश नलिकेतील इलेक्ट्रॉन शलाकेच्या दोन विक्षेपक पट्टिकाजोड्यांस दिला, की पडद्यावर एक रेघ उमटते व तिचा कल हीच संदेश येणारी दिशा असते. आकाशक हाताने फिरवत बसावे लागत नसल्याने क्षणभरच टिकणारा संदेशही टिपता येतो. विमानांस वाट दाखविणे हा मूळ हेतू होता. या शोधाचे हक्क त्यांनी एका डॉलरला शासनाकडे दिले असे सांगतात. कॅनडातील लोकप्रिय लेखनात या यंत्रास रडारचे जनक म्हटले जाते, ते काटेकोरपणे बरोबर नाही. दिशाशोधक केवळ ऐकतो. रडार स्वतः स्पंद सोडून परतीच्या प्रतिध्वनीस लागलेल्या वेळेवरून अंतर मोजते. शिवाय इंग्लंडात रॉबर्ट वॉटसन-वॉट व जे. एफ. हर्ड यांनी त्याच सुमारास स्वतंत्रपणे तसेच यंत्र बनविले होते, त्यामुळे अग्रक्रमाचा वाद निकालात निघालेला नाही. पडद्यावरील प्रकाशरेषेवरून माहिती वाचण्याची कल्पना मात्र दिशाशोधक व रडार या दोन्हींत समान आहे.

१९३५ ते १९३९ या काळात ते राष्ट्रीय संशोधन परिषदेचे अध्यक्ष होते. १९३९ मध्ये ब्रिटनने आपल्या रेडिओ-शोधयंत्रांचे गुपित डोमिनियन देशांच्या शास्त्रज्ञांस सांगितले तेव्हा परिषदेचे जॉन हेंडरसन यांनी लंडनला जाऊन माहिती आणली, आणि १९४० मध्ये हॅलिफॅक्स बंदराच्या तोंडाशी परिषदेने बांधलेले रडार उभे राहिले. त्याच वर्षी ब्रिटनच्या टिझर्ड शिष्टमंडळाने आणलेल्या मॅग्नेट्रॉन या सूक्ष्मतरंग निर्माण करणाऱ्या नलिकेच्या आधारे परिषदेने विमानविरोधी तोफांसाठी सूक्ष्मतरंगांवर चालणारे ‘जीएल मार्क तीन सी’ हे रडार विकसित केले. ते टोरँटोजवळील लीसाइड येथे तयार होत असे. मॅकनॉटन तेव्हा इंग्लंडात सैन्याचे नेतृत्व करीत होते, म्हणून त्यांचा वाटा संस्था सज्ज करण्यापुरता मानावा. १९४४ च्या अखेरीस कॅनेडियन तोफखान्याने अशाच विमानविरोधी रडारांनी शत्रूच्या उखळी तोफांच्या गोळ्यांचा मार्ग टिपून त्यांची जागा काढण्यास आरंभ केला. प्रतितोफमाऱ्याची ही शाखा आज सर्व प्रमुख सैन्यांत आहे. भारतात तिचे शिक्षण नाशिकजवळच्या देवळाली येथील तोफखाना विद्यालयात दिले जाते, आणि संरक्षण संशोधन व विकास संघटनेचे ‘स्वाती’ हे रडार याच कामासाठी आहे.

सेनाप्रमुखपद व दुसरे महायुद्ध : १९२९ ते १९३५ ते कॅनडाचे सेनाप्रमुख होते. मंदीच्या काळात बेकार अविवाहित पुरुषांसाठी दिवसाला २० सेंटवर काम देणाऱ्या छावण्या त्यांच्या योजनेनुसार निघाल्या. त्यांविरुद्धच्या असंतोषातून १९३५ चा ओटावाकडील मोर्चा निघाला.

१९३९ मध्ये पहिल्या कॅनेडियन डिव्हिजनचे आणि १९४२ मध्ये पहिल्या कॅनेडियन आर्मीचे ते प्रमुख झाले. मार्च १९४३ च्या ‘स्पार्टन’ युद्धसरावात त्यांचे सैन्यसंचालन असमाधानकारक ठरले असा इंपीरिअल जनरल स्टाफचे प्रमुख ॲलन ब्रुक यांचा ग्रह झाला; कॅनेडियन तुकड्या इटलीत पाठविण्यावरून संरक्षणमंत्री रॅल्स्टन यांच्याशीही मतभेद होते. डिसेंबर १९४३ मध्ये त्यांनी पद सोडले व आर्मीची धुरा पुढे क्रेरार यांजकडे गेली. त्यांस दूर करण्यात कोणाचा हात किती होता, याविषयी चरित्रकारांत एकमत नाही: जॉन स्वेटनहॅम यांचे तीन खंडांचे चरित्र त्यांची बाजू घेते, तर नंतरचे अभ्यासक त्यांच्या सेनापतित्वातील उणिवांवर बोट ठेवतात. नोव्हेंबर १९४४ मध्ये ते संरक्षणमंत्री झाले, मात्र दोनदा निवडणूक हरल्याने ऑगस्ट १९४५ मध्ये त्यांस हे पद सोडावे लागले.

काश्मीर प्रस्ताव : संयुक्त राष्ट्रांतील कॅनडाचे स्थायी प्रतिनिधी या नात्याने डिसेंबर १९४९ मध्ये सुरक्षा समितीचे अध्यक्षपद त्यांजकडे होते. भारत व पाकिस्तान यांशी अनौपचारिक बोलणी करण्याचे काम समितीने त्यांजवर सोपविले, आणि २२ डिसेंबर रोजी त्यांनी निःसैनिकीकरणाचे प्रस्ताव मांडले. पाकिस्तानच्या नियमित सेनेची माघार, सुरक्षा व सुव्यवस्थेसाठी आवश्यक नसलेल्या भारतीय सेनेची माघार, आणि संस्थानी सैन्य, मिलिशिया व ‘आझाद काश्मीर’च्या तुकड्यांची कपात ही टप्प्याटप्प्याने व एकाच वेळी व्हावी, उत्तरेकडील प्रदेशाचा कारभार संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली स्थानिक अधिकाऱ्यांनी पाहावा, असा त्यांचा आशय होता. भारताने बेनेगल नरसिंह राव यांच्यामार्फत, आक्रमक व आक्रमित यांस एकाच पातळीवर बसविले जात असल्याची, ‘आझाद’ तुकड्या पूर्णतः विसर्जित व्हाव्यात अशी आणि उत्तरेकडील प्रदेशाच्या संरक्षणाची जबाबदारी आपली असल्याची भूमिका घेतली. पाकिस्तानने किरकोळ दुरुस्त्यांसह प्रस्ताव मान्य केले. १४ मार्च १९५० च्या ठरावाने (क्र. ८०) निःसैनिकीकरणासाठी ही तत्त्वे आधार धरली आणि मध्यस्थीचे काम ओवेन डिक्सन यांजकडे दिले.

१९५० ते १९६२ या काळात ते कॅनडा व अमेरिका यांच्या सामाईक जलप्रश्नांसाठी असलेल्या आंतरराष्ट्रीय संयुक्त आयोगाच्या कॅनेडियन विभागाचे अध्यक्ष होते. कोलंबिया नदीच्या करारास (१९६१) त्यांनी जाहीर विरोध केला; वरच्या कोलंबियाचे व कूटेने नदीचे पाणी फ्रेझर नदीत वळविता यावे, ही त्यांची योजना करारात स्वीकारली गेली नाही. क्वेबेकमधील माँटबेलो येथे त्यांचे निधन झाले.