खाड्याची भरपाई कोण देणार? कोल्हापूरचा तालीम-फुटबॉल आणि 'हौशी' खेळाचा इतिहास

आमच्या अभ्यासवर्गाला येणारा एक मुलगा सेंट्रिंगच्या कामावर जातो. फुटबॉल असा खेळतो की पाहणाऱ्याने पाहतच राहावं. शहरातल्या एका संघाने त्याला घेतलं. पण सामने दुपारी, तेही कामाच्या दिवशी. दोनदा खाडा करून तो खेळला. तिसऱ्यांदा मुकादम म्हणाला, "उद्यापासून येऊ नको." त्याने संघातल्या मोठ्यांना अडचण सांगितली. उत्तर मिळालं, "अरे, हौस असेल तर खाडा करायचा. आपण काय पैशासाठी खेळतो का?"

पोरगं खेळायचं बंद झालं. कोणी त्याची जात विचारली नाही, कोणी त्याला हाकललं नाही. एका शब्दाने त्याचं काम झालं. तो शब्द म्हणजे 'हौस'. मित्रांनो, हा शब्द वाटतो तितका निरागस नाही. त्याला इतिहास आहे, आणि तो आपल्याला माहीत असायला हवा.

सुरुवात इंग्लंडपासून करू, कारण 'हौशी खेळाडू' ही कल्पना नियमांत बसवली ती तिथल्या उच्चवर्गाने. १८७९ मध्ये हेन्ले इथल्या नौकाशर्यतींसाठी नियम झाला की मजुरीवर काम करणारा कारागीर, यंत्रकामगार किंवा मजूर 'हौशी' ठरणार नाही. म्हणजे माणूस शर्यतीचे पैसे घेतो की नाही हा प्रश्नच नव्हता. तो हाताने काम करून पोट भरतो, एवढाच त्याचा गुन्हा. हे वाचून आपल्याला काही आठवतं का? श्रम करणारा हलका आणि श्रम न करणारा श्रेष्ठ, हे तत्त्व आपल्याला कुणी नव्याने शिकवायची गरज नाही.

रग्बीत हाच संघर्ष उघड झाला. १८७१ मध्ये रग्बी फुटबॉल युनियन स्थापन झाली तेव्हा सूत्रं श्रीमंतांच्या शाळांतून आलेल्या मंडळींकडे होती. पण उत्तर इंग्लंडमध्ये खाणकामगार आणि गिरणीकामगार रग्बी खेळू लागले, जिंकू लागले. शनिवारी सामन्याला जायचं तर मजुरी बुडायची. त्यांच्या क्लबांनी साधी मागणी केली, बुडालेल्या मजुरीची भरपाई द्या. पगार नव्हे, बक्षीस नव्हे, खाड्याची भरपाई! १८९३ मध्ये युनियनने ती फेटाळली. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली आणि दिवसाला ६ शिलिंगपर्यंत भरपाई मान्य केली. त्यातून आजची रग्बी लीग उभी राहिली. जुन्या युनियनच्या खेळाने 'हौशी'पणाचं सोवळं पुढे तब्बल १०० वर्षं पाळलं. ते सुटलं १९९५ मध्ये.

याच १८९५ साली आणखी एक गोष्ट घडली. रग्बी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी खेळाच्या उगमाची चौकशी समिती नेमली. विल्यम वेब एलिस नावाच्या विद्यार्थ्याने १८२३ मध्ये चेंडू हातात घेऊन धाव ठोकली आणि रग्बी जन्मली, ही आख्यायिका त्यानंतर पक्की झाली. पुरावा फारच तोकडा, तरी १९०० मध्ये शाळेत शिलालेख लागला. आज विश्वचषकालाही त्याचंच नाव आहे. गावोगावच्या रस्त्यांवर, शेतांत पिढ्यान् पिढ्या चेंडूमागे धावणारे कष्टकरी मात्र या कथेतून गायब झाले. कामगार क्लब बाहेर पडत होते, नेमक्या त्याच वेळी खेळाला खानदानी बाप सापडला. इतिहास कोण लिहितो यावर खेळ कोणाचा हे ठरतं.

आपल्या देशात काय झालं? १८७३ मध्ये गोऱ्यांनी कलकत्त्यात रग्बी क्लब काढला आणि १८७८ मध्ये तो बंद केला. खात्यातले चांदीचे रुपये वितळवून चषक घडवला आणि इंग्लंडला पाठवला. इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही त्या 'कलकत्ता कप'साठी खेळतात. चांदी इथली, खेळ त्यांचा. क्रिकेटमध्ये पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखणारे, नेटमध्ये साहेबांना चेंडू टाकणारे पळवणकर बाळू पुढे मोठे गोलंदाज झाले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. पण हिंदूंच्या संघात चहाच्या वेळी त्यांना मात्र पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळाला होता, आणि संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच मिळालं नाही. ते १९२३ मध्ये मिळालं त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना.

आता कोल्हापूरकडे येऊ. इथला वारसा या 'हौशी' सोवळ्याच्या नेमका उलटा आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबाग मैदान उभारलं, मल्लांना आश्रय दिला, खुराक दिला. खुराक म्हणजे काय? गरीब घरातल्या पोराने दिवसभर राबायचं की मेहनत करायची, या पेचातून त्याला सोडवणारी व्यवस्था. इंग्लंडच्या युनियनने खाणकामगारांना जे नाकारलं, ते शाहू महाराज मल्लांना देत होते. आणि हे एकटं नव्हतं. १९०२ चं ५० टक्के आरक्षण, १९०८ चं अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीचं मिस क्लार्क वसतिगृह, १९१९ चे सार्वजनिक जागा आणि शाळा खुल्या करणारे हुकूम, १९२० ची माणगाव परिषद, हे सगळं एकाच विचाराचं आहे. संधी नुसती 'खुली' ठेवून भागत नाही, ती घेण्याचं बळही द्यावं लागतं.

तालमीच्या याच मातीत कोल्हापूरचा फुटबॉल रुजला. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, ही नावं घेतली तरी शहरात चर्चा पेटते. तालीम म्हणजे आखाडा, मारुती, गणपती, मोहरमचा पंजा आणि फुटबॉल संघ, सगळं एका छताखाली. शाहू स्टेडियम भरतं, विश्वचषक आला की गल्लोगल्ली अर्जेंटिना-ब्राझीलचे झेंडे लागतात. हिंदूंच्या खांद्यावर मोहरमचे पंजे असलेलं हे शहर आहे. याचा अभिमान मलाही आहे.

म्हणूनच काही मित्र विचारतात, "तालमीत जात कुठे आहे? उगाच जात आणू नका." प्रश्न प्रामाणिक आहे, उत्तरही प्रामाणिक देतो. दारावर जातीची पाटी नसते. पण तालीम पेठेची असते. पेठेत कोण राहतो आणि वस्ती पेठेबाहेर का राहिली, हे जातीने ठरवलेलं आहे. संघात बोलावणं ओळखीतून येतं, ओळख कट्ट्यावर होते, आणि कट्टा पेठेत असतो. जाती आपापल्या कप्प्यांत बंद असतील तर समाजात अभिसरण होत नाही, आणि अभिसरणाशिवाय लोकशाही नाही, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये मांडलं. सिद्धार्थनगरसारख्या वस्तीतल्या पोराला मैदानापर्यंत यायला कुणी बंदी केलेली नाही, हे खरं. त्याला हाक मारणारं कुणी नाही, हेही तितकंच खरं.

आणि पैशाचं काय? मोठ्या स्पर्धांना बक्षिसं आहेत, फ्लेक्स आहेत, पुढारी आहेत. बाहेरून, अगदी आफ्रिकेतूनही खेळाडू आणले गेले. ते फुकट येत नाहीत. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, तेही पोटासाठीच घर सोडून आलेले. पण पैसा असताना खाडा पडलेल्या स्थानिक मजूर पोरालाच 'हौस' का ऐकवायची?

म्हणून मागण्या साध्या आहेत. ज्या संघात रोजंदारीवरचे खेळाडू आहेत, त्यांनी बक्षिसातून आणि देणगीतून आधी खाड्याची भरपाई बाजूला काढावी. निवड चाचणी वर्षातून एकदा तरी वस्तीच्या मैदानावर घ्यावी. तालमीच्या कार्यकारिणीत वस्तीतली माणसं असावीत आणि मैदानावर मुलींनाही हक्काची वेळ असावी.

एक मागणी आपल्या स्वतःकडेही आहे. १४ एप्रिलला आपली मंडळं डॉल्बीवर किती उधळतात, याचा हिशेब आपण कधी मांडतो का? त्यातला चौथा हिस्सा जरी चार पोरांच्या खुराकाला आणि बुटांना गेला, तरी जयंती वर्षभर चालेल. शाहू महाराजांचा फोटो लावणं सोपं आहे. त्यांच्यासारखा खुराक लावणं अवघड आहे, पण वारसा तोच आहे.

आम्ही आमच्या वस्तीत वर्गणी सुरू केली आहे. त्या पोराच्या पुढच्या चार सामन्यांच्या खाड्याचे पैसे जमले आहेत. आता त्याला कोणी 'हौस' शिकवू नये. त्याला बूट बांधू द्यावेत.

जय भीम! जय शाहू!