डहाणू-तलासरीतील हिवताप : संशोधनाच्या इतिहासाची भाषिक बाजू

हिवतापाच्या संशोधनाचा इतिहास सामान्यतः प्रयोगशाळेच्या अंगाने सांगितला जातो. 6 नोव्हेंबर 1880 रोजी अल्जीरियात लाव्हराँ याने रुग्णाच्या रक्तात एकपेशीय परोपजीवी पाहिला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील हेन्री व्हॅनडाइक कार्टर याचे हिवतापाच्या रुग्णांच्या रक्तातील जीवांविषयीचे टिपण 1888 मध्ये प्रसिद्ध झाले. 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादेस रॉसला डासाच्या जठरात या जीवाची अवस्था आढळली, आणि पुढील वर्षी कलकत्त्यास त्याने पक्ष्यांच्या हिवतापावरून डासामार्फत होणारा संसर्ग सिद्ध केला. या क्रमाविषयी वाद नाही. तथापि डहाणू-तलासरीसारख्या भागात रक्ताचा नमुना काचपट्टीवर येण्यापूर्वी एक प्रश्न विचारला जात असे. त्या प्रश्नाचा विचार मात्र इतिहासकारांनी क्वचितच केला आहे.

प्रथम नावांकडे वळू. ‘मलेरिया’ हा इटालियन शब्द दूषित हवेला दोष देतो. ‘हिवताप’ हा शब्द कारणाविषयी मौन पाळून केवळ अनुभव सांगतो. आपला शब्द अधिक सावध आहे, असे म्हणावयास हरकत नाही. आयुर्वेदाने विषमज्वराचे ‘तृतीयक’ व ‘चातुर्थक’ हे भेद मानले. तापाचा दिवस पहिला धरून मोजले की एक दिवसाआड येणारा ताप तिसऱ्या दिवशी येतो. लॅटिन परंपरेतील नावेही याच गणनेवर उभी आहेत. 1885-86 च्या सुमारास गॉल्जी याने दाखवून दिले की, परोपजीवीची रक्तातील वाढ एका प्रकारात 48 तासांनी व दुसऱ्यात 72 तासांनी पूर्ण होते आणि रक्तपेशी फुटण्याच्या वेळी हीव भरते. म्हणजे त्या नावांत परोपजीवीचे जीवनमान, तो अज्ञात असतानाच, नोंदले गेले होते.

1953 मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला व 1958 मध्ये त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले. फवारणीनंतरच्या टप्प्यात सुमारे दहा हजार लोकवस्तीमागे एक सर्वेक्षण कर्मचारी नेमून त्याने दर पंधरवड्यास घरोघर जावे, गेल्या भेटीपासून कोणास ताप आला काय हे विचारावे, आल्यास रक्ताचा नमुना घ्यावा व क्लोरोक्विनच्या गोळ्या द्याव्यात, अशी योजना होती. कागदावर ती निर्दोष दिसते. परंतु डहाणू व तलासरी येथे वारली, कोकणा, धोडिया, कातकरी अशा जमाती शेजारी शेजारी राहतात. ग्रिअर्सनच्या भाषा-पाहणीने वारलीला मराठीच्या खंडात स्थान दिले, तर धोडियाला भिल्ली बोलींत. ‘ताप’ या शब्दाने प्रमाण मराठी बोलणाऱ्यास जे कळते, तेवढेच व तेच या सर्वांस कळते, असे गृहीत धरून आकडे गोळा झाले. ज्याला दुखणे वाटत नाही तो ‘नाही’ म्हणतो. मग काचपट्टीही तयार होत नाही.

दुसरी अडचण भिंतीची. डीडीटी दर चौरस मीटरला एक ग्रॅम या प्रमाणात वर्षातून दोनदा फवारावयाची असे. कुडाच्या भिंतीवरील माती ती शोषून घेते, आणि सणासुदीस अथवा लग्नाच्या चौकासाठी घर सारवले की उरलेला थर शेणमातीखाली जातो. सारवणाला अज्ञान म्हणणे अन्यायाचे होईल. घर नीटनेटके ठेवण्याची ती रीत आहे. त्यात माणसे व गुरे एका छपराखाली असली की प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा होतो, कारण अ‍ॅनॉफेलिस क्युलिसिफेसीस हा डास गुरांच्या रक्ताकडे अधिक ओढला जातो. 1980 मध्ये असे निष्पन्न झाले की, हे नाव एकाच जातीचे नसून दिसण्यात सारख्या अशा एकाहून अधिक जाती त्यात सामावल्या आहेत आणि त्यांची रोग पसरविण्याची शक्तीही सारखी नाही. भाषेच्या अभ्यासकास येथे एकाच उच्चाराच्या भिन्नार्थी शब्दांची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

1965 मध्ये देशातील नोंदलेले रुग्ण एक लाखाच्या आसपास उतरले. 1976 मध्ये ते 64 लाखांवर गेले. डासांची प्रतिकारशक्ती, द्रव्याचा तुटवडा, प्रशासनाची शिथिलता ही कारणे सर्वश्रुत आहेत. 1960 च्या राज्यविभाजनात उंबरगाव गुजरातेत गेले व तलासरीकडील गावे महाराष्ट्रात राहिली, याची डासाला दखल नव्हती. पावसाळ्यानंतर वीटभट्ट्यांवर जाणारी कुटुंबेही पंधरवड्याच्या फेरीत सापडत नसत. त्यातच व्हायव्हॅक्स हा परोपजीवी यकृतात महिनोन् महिने सुप्त राहून पुन्हा उठतो. त्याच्या या सुप्त अवस्थेचा उलगडा 1980 नंतरच झाला. तेव्हा एका पंधरवड्याच्या ‘नाही’वरून घर निर्धोक ठरविणे शास्त्रदृष्ट्याही अपुरे होते.

रक्तनमुन्यासोबत नाव, वय, गाव व तारीख जात असे. प्रश्न कोणत्या बोलीत विचारला गेला, हे त्यावरून कळण्याजोगे नाही. त्या काळी घरोघर फिरलेले कर्मचारी आज ऐंशीच्या पुढे आहेत. तलासरीच्या पाड्यांवर त्यांनी ‘ताप’ हाच शब्द वापरला की बोलीतला दुसरा एखादा, आणि उत्तर देणारी बहुधा घरातली स्त्री होती की पुरुष, हे त्यांच्याकडून व त्या घरांतील वृद्धांकडून अजून विचारून घेता येईल. विभागाच्या पुढील क्षेत्रपाहणीत या दोन प्रश्नांना स्वतंत्र रकाना द्यावा, अशी माझी सूचना आहे.