आयर्लंडमधील ‘ट्रॅकर’ गृहकर्ज प्रकरण

युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या व्याजदरावर ठरावीक टक्केवारी वाढवून ज्याचा दर निश्चित होतो, अशा गृहकर्जास आयर्लंडमध्ये ‘ट्रॅकर’ कर्ज म्हणतात. २००८च्या आर्थिक संकटानंतर मूळ दर झपाट्याने उतरला आणि ही कर्जे बँकांना तोट्याची ठरू लागली. नवी ट्रॅकर कर्जे बंद झालीच. शिवाय अनेक जुन्या कर्जदारांनाही त्यांच्या हक्काचा दर नाकारण्यात आला. वाढीव हप्त्यांपायी काहींना राहते घरही गमवावे लागले.

आयर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने २०१५मध्ये या व्यवहारांची व्यापक तपासणी हाती घेतली. जुलै २०१९च्या अंतिम अहवालानुसार सुमारे ४०,१०० खातेदार बाधित ठरले; त्यांना ६८.३ कोटी युरो देण्यात आले. कर्ज योग्य दरावर आणणे, जादा वसूल केलेली रक्कम परत करणे आणि झालेल्या हानीची स्वतंत्र भरपाई देणे, असे या योजनेचे स्वरूप होते. देऊ केलेली रक्कम अपुरी वाटल्यास स्वतंत्र अपील समितीकडे दाद मागता येई. ती स्वीकारल्याने हा हक्क संपत नसे. पुढे २०२२मध्ये बँक ऑफ आयर्लंडला १० कोटी युरोंहून अधिक दंड झाला. परतावा म्हणजे भरपाई नव्हे, हा भेद या प्रकरणाने अधोरेखित केला.