एफटीपी पासवर्ड बदलण्याची कुळकथा

वेब होस्टिंगच्या कंट्रोल पॅनलमध्ये एफटीपी, म्हणजे सर्व्हरवर फायली नेण्या-आणण्याच्या, खात्यांची यादी असते आणि त्यांतल्या बहुतेकांसमोर पासवर्ड बदलण्याची सोय. नवा पासवर्ड दोनदा लिहायचा, तो किती भक्कम आहे हे शेजारची पट्टी सांगते, बटण दाबले की काम झाले. ही सोय एफटीपीची स्वतःची नाही. जॉन पोस्टेल आणि जॉयस रेनॉल्ड्स यांनी 1985 साली लिहिलेल्या आरएफसी 959 या मानकात नाव सांगण्यासाठी ‘यूजर’ आणि पासवर्ड देण्यासाठी ‘पास’ अशा आज्ञा आहेत. पासवर्ड बदलण्याची आज्ञा त्यात नाही. पासवर्ड विचारणारा एक आणि बदलून देणारा दुसरा, अशी ही जुनी विभागणी आहे.

संगणकावर पासवर्ड आला तो 1960च्या दशकाच्या आरंभी, अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत. फर्नांडो कॉर्बाटो यांच्या गटाने उभारलेल्या सीटीएसएस या यंत्रणेत अनेक जण एकाच वेळी एक संगणक वापरत. ज्याच्या फायली त्याच्याच हाती राहाव्यात म्हणून पासवर्ड. पण ते सगळे जसेच्या तसे एका फायलीत साठवलेले होते. 1962 साली अ‍ॅलन शेर या संशोधकाने वाट्याला आलेला संगणकाचा वेळ पुरेना म्हणून ती फाइलच छापून घेतली. 1966 साली तर एका चुकीमुळे स्वागताच्या संदेशाच्या जागी पासवर्डची यादीच प्रत्येकाच्या समोर उमटली, आणि सर्वांचे पासवर्ड बदलावे लागले.

आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतून बाहेर पडलेले अभय भूषण एमआयटीतच होते, तेव्हा एप्रिल 1971 मध्ये त्यांनी आरएफसी 114 लिहून एफटीपीचा पहिला आराखडा मांडला. त्यांच्यापुढचा प्रश्न वेगळाच होता. अर्पानेट या आरंभीच्या संगणक-जाळ्यावरच्या संगणकांच्या घडणीत फार फरक होता आणि फाइल मात्र एकावरून दुसऱ्यावर बिनचूक पोचायला हवी होती. कोणाला खाते द्यायचे आणि त्याचा पासवर्ड कसा सांभाळायचा, हे प्रत्येक संगणकाने आपापले पाहायचे.

हे सांभाळण्याची आजही टिकून असलेली रीत युनिक्स या कार्यप्रणालीने घालून दिली. ‘पासडब्ल्यूडी’ नावाची तिथली आज्ञा हीच पॅनलमधल्या बटणाची खरी पूर्वज. तिच्यापुढे अडचण होती: पासवर्डच्या फायलीत सामान्य वापरकर्त्याला लिहू देणे धोक्याचे, तरी स्वतःपुरती नोंद त्याला बदलता यायलाच हवी. डेनिस रिची यांच्या ‘सेटयूआयडी’ या कल्पनेने ती सुटली. या खुणेचा प्रोग्रॅम चालवणाऱ्याच्या नव्हे, मालकाच्या अधिकाराने चालतो आणि तेवढे एकच काम करून देतो. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी 1979 साली आणखी एक उपाय सविस्तर मांडला. मूळ पासवर्ड ठेवायचाच नाही. त्यात ‘सॉल्ट’ म्हणून काही यादृच्छिक बिट्स मिसळून, उलट फिरवता न येणाऱ्या गणिती प्रक्रियेतून निघालेले रूप तेवढे साठवायचे. विसरलेला पासवर्ड पॅनल दाखवत नाही, नवा ठेवायला सांगते, त्यामागे हेच कारण आहे.

1990च्या दशकात एका सर्व्हरवर अनेकांची संकेतस्थळे राहू लागली. या ग्राहकांना युनिक्सच्या आज्ञा येत नसत आणि सर्व्हरवर त्या चालवू देणेही मालकांना परवडणारे नव्हते. 1996 साली जॉन निक कॉस्टन यांनी तयार केलेल्या सीपॅनलसारख्या पॅनलांनी तेच काम ब्राउझरमध्ये आणले. त्यात एक चांगली भर पडली. ग्राहकाच्या मुख्य खात्याखाली, डोमेनचे नाव जोडलेली उपखाती काढता येऊ लागली. त्यांची नोंद सर्व्हरच्या मूळ वापरकर्त्यांत नसते, एफटीपी सर्व्हरच्या वेगळ्या यादीत असते. चित्रे चढवणाऱ्याला एकच फोल्डर उघडून देता येतो आणि त्याचे काम संपले की फक्त त्याचाच पासवर्ड बदलता येतो. मुख्य खात्याचा एफटीपी पासवर्ड मात्र पॅनलचाच असतो. तो या यादीतून बदलत नाही, पॅनलचा पासवर्ड बदलला की तोही बदलतो.

बदलण्याची निकड वाढली ती एफटीपीच्या जुन्या दोषामुळे. ‘पास’ आज्ञेतला पासवर्ड तारेवरून उघडाच जातो. हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठात असेच पासवर्ड चोरले गेल्यावर तातू युलोनेन यांनी 1995 साली जोडणी सांकेतिक रूपात नेणारे एसएसएच लिहिले. पुढे त्याच्यावर फायली नेणारे एसएफटीपी आले. एफटीपीलाच टीएलएसचे सांकेतिक आवरण देण्याची पद्धत 2005 साली आरएफसी 4217 मध्ये ठरली. तरी 2009 साली गम्बलार या घातक प्रोग्रॅमने लोकांच्या संगणकांतून एफटीपीचे पासवर्ड उचलून असंख्य संकेतस्थळे बिघडवली. अशा वेळी क्रम फार महत्त्वाचा: आधी स्वतःचा संगणक साफ करायचा, मग पासवर्ड बदलायचा, नाहीतर नवाही चोराच्या हाती जातो. एफटीपी पासवर्ड तपासते ते फक्त जोडणीच्या आरंभी. म्हणून आधीच उघडी असलेली जोडणी केवळ पासवर्ड बदलल्याने तुटेलच असे नाही. ती वेगळी बंद करावी लागते.

सीपॅनलमध्ये एसएफटीपी मुख्य खात्यालाच मिळते. उपखात्यांना टीएलएसवरचे एफटीपीच वापरावे लागते, आणि पासवर्ड बदलल्यावर फाइलझिलासारख्या प्रोग्रॅममध्ये साठवलेली जुनी नोंदही बदलावी लागते.