राखीव प्रतीची परीक्षा

तहान लागल्यावर विहीर खणूं नये, हें सर्वांस ठाऊक असतें. परंतु आधींच खणून ठेवलेल्या विहिरीला पाणी आहे कीं नाहीं, हें वेळेवर पाहून ठेवणारे थोडे. संगणकावरील राखीव प्रतींचा, म्हणजे बॅकअपचा, इतिहास हेंच सांगतो.

अमेरिकेंतील मरे हिल येथल्या बेल प्रयोगशाळेंत 'युनिक्स' ही संगणक-प्रणाली जन्मास आली. १९७९ सालच्या तिच्या सातव्या आवृत्तींत 'टार' नांवाचें एक लहानसें साधन होतें. 'टेप' आणि 'आर्काइव्ह' या शब्दांच्या आरंभींच्या अक्षरांपासून हें नांव बनलें. कारण त्या काळीं राखीव प्रती चुंबकीय फितीवर ठेवीत. टार प्रत्येक फाइलीपुढें ५१२ बाइटांचें टिपण लिही; त्यांत फाइलीचें नांव, आकार, मालक व शेवटच्या बदलाची वेळ असे. त्यामागून मजकूर. आज्ञा द्यावयाची ती एकेक अक्षर टाइप करून : 'सी' म्हणजे नवा संग्रह बांध, 'टी' म्हणजे यादी दाखव, 'एक्स' म्हणजे आंतलें बाहेर काढ. चित्रें नाहींत, बटणें नाहींत, आणि बहुधा "खरेंच करूं ना?" असा उलट प्रश्नही नाहीं. या भाषेचें सामर्थ्य मोठें. म्हणूनच तिच्यांतील चूकही मोठी. फिती मागें पडल्या, तरी तीं अक्षरें आजही तींच आहेत.

अशा एका चुकीची हकीकत ३१ जानेवारी २०१७ च्या रात्रीची आहे. 'गिटलॅब' ही संस्था जगभरच्या प्रोग्रॅम लिहिणारांचें काम सांभाळते. तिचा मुख्य डेटाबेस व दुसऱ्या सर्व्हरवरील त्याची जोडप्रत यांचा मेळ त्या रात्रीं तुटला. जोडप्रत नव्यानें भरावी, म्हणून एका अभियंत्यानें तिची जागा पुसण्याची आज्ञा दिली. परंतु ती आज्ञा चालली मुख्य सर्व्हरवर! एक-दोन सेकंदांत चूक उमगून त्यानें ती थांबविली. तोंवर सुमारें ३०० गिगाबाइटांपैकीं अवघे साडेचार उरले होते.

मग राखीव प्रतींचा शोध सुरू झाला. रोज प्रत काढणारें साधन ९.२ आवृत्तीचें, तर डेटाबेस ९.६ चा, त्यामुळें तें निमूटपणें अयशस्वी होत होतें. अपयशाच्या सूचना ई-मेलनें निघत, पण त्या वाटेंतच नाकारल्या जात. साठ्याची जागा उघडली, ती रिकामी. संपूर्ण डिस्कची प्रत घेण्याची आणखी एक सोय होती. ती या सर्व्हरांसाठीं चालूच केलेली नव्हती.

तारलें तें योगायोगानें. त्याच अभियंत्यानें सुमारें सहा तासांपूर्वीं, निराळ्याच कामासाठीं, डेटाबेसची एक प्रत चाचणीच्या सर्व्हरवर घेतली होती. ज्या हातानें पुसलें, त्याच हातानें नकळत जपलेंही होतें. तेथील डिस्क मंद असल्यामुळें प्रत परत आणण्यास सुमारें अठरा तास लागले. प्रकल्पांचा मूळ मजकूर वेगळा ठेवलेला असल्यानें वांचला. परंतु मधल्या सहा तासांच्या नोंदी कायमच्या गेल्या. त्यांत सुमारें ५,००० प्रकल्प, तितकेच अभिप्राय आणि ७०० नवे सभासद होते.

संस्थेनें दोष एका माणसावर ढकलला नाहीं. दुरुस्तीचें काम चालू असतांनाच तिनें तें जगापुढें उघड ठेवलें. मागाहून प्रसिद्ध केलेल्या अहवालांत खरें कारण नोंदलें : राखीव प्रती परत उतरवून पाहण्याची जबाबदारी कोणावरच सोंपविलेली नव्हती, म्हणून ती कोणींच पार पाडली नाहीं.

या हकीकतीचें सार टारच्या तीन अक्षरांतच आहे. 'सी' ही अर्धीच क्रिया होय. 'टी' नें यादी पाहावी, आणि 'एक्स' नें प्रत मोकळ्या जागीं उतरवून मुळाशीं ताडून घ्यावी. मूळ जागींच उतरविल्यास नव्या फाइलींवर जुन्या लिहिल्या जाण्याचें भय असतें. ज्या घरांत छायाचित्रें, पत्रें व हिशेब संगणकावर आहेत, तेथेंही वर्षांतून एक-दोनदां तरी हा पोहरा विहिरींत सोडून पाहिला पाहिजे. आणि तो कोणीं सोडावयाचा, हें आधींच ठरलेलें असलें पाहिजे.